गाडीत ओळख नाही

वच्छे, तुझ्या तेरवीला मी आले आणि एका कोपऱ्यात तोंड मिटून बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणून तुझ्या सुनेला वाटलं, माझी तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत आहे. मला राग आला होता, आणि मेलेल्या माणसाच्या घरात त्याच्याशी भांडता येत नाही. हार घातलेला तुझा फोटो पाहून मला एकच वाटत होतं, ही मुद्दाम गेली. भांडण अंगावर आलं की दुसऱ्या दाराने उतरून जायची तुझी जुनी खोड.

तिथे जो तो तू किती भली होतीस ते सांगत होता. मी मान हलवत होते. तुझा भलेपणा मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे, अकरा वर्षं आपण दोघींनी तो विकला आहे. पण मला तू दगा दिलास. ते मला बोलायचं होतं आणि ऐकून घ्यायला तू थांबली नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तुला आपला धंदा सांगायची गरज नाही, पण हे दुसरेही वाचतील. आपण दोघी दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या सुना. घराला घर लागून. तुझ्या सासऱ्याची जांबाची झाडं होती, ज्याला पुण्याकडे पेरू म्हणतात, आणि माझ्याकडे तोंड होतं. मुर्तिजापूरला जाणारी, अरुंद रुळांची छोटी लाईन गावाला लागूनच होती. युक्ती माझी, हे मी आजही सोडणार नाही. एकाच झाडाची जांबं दोन टोपल्यांत भरायची. स्टेशनवर वेगवेगळं उभं राहायचं. डब्याच्या एका दाराने मी चढायची, दुसऱ्या दाराने तू. मी पुढे होऊन भाव सांगायची, ऐकणाऱ्याला झोंबेल असा. कोणी कमी कर म्हटलं की त्याच्या चपलेपासून टोपीपर्यंत सगळं काढायची. मग मागून तू, डोक्यावर पदर, आवाज लोण्यासारखा. "घ्या नं भाऊ, थ्या बाईचं काय मनावर घेता." तुझा भाव माझ्यापेक्षा जरासा खाली. लोक तुझ्याकडून घ्यायचे, आणि माझी जिरली पाहिजे म्हणून दोन जास्तीच घ्यायचे.

"काहून वं, माह्या गिऱ्हाईकाले कायले हात लावतं?" मी ओरडायची.

"गिऱ्हाईक काय तुह्या घरी बांधून ठेवलं होतं?" तू इतक्या हळू म्हणायचीस की अख्खा डबा तुझ्या बाजूने व्हायचा.

पुढच्या स्टेशनवर उतरायचं, माझ्या टोपलीतली जांबं तुझ्या टोपलीत ओतायची, आणि दुसऱ्या डब्यात पुन्हा तेच. नियम एकच होता आणि तोही मीच घातलेला. गाडीत ओळख नाही. हसायचं नाही, नाव घ्यायचं नाही, घरचं काही बोलायचं नाही. गाडीबाहेर तू माझं पोर न्हाऊ घालायचीस, मी तुझ्या चुलीवर भाकरी टाकायची. गाडीत तू कोण आणि मी कोण.

तो नियम तू माझ्यापेक्षा कडक पाळलास. मला हिवताप आला होता तो दिवस आठव. मी हट्टाने निघाले आणि डब्यातच दोन बाकांच्या मधे बसकण मारली. तू आलीस, कपाळाला हात लावलास आणि मोठ्याने म्हणालीस, "कोनाची बाई हाय ही? आंग तं भाजून राह्यलं." मला पाणी पाजलंस, तुझं लुगड्याचं पटकूर ओलं करून डोक्यावर ठेवलंस, परकी बाई परक्या बाईचं करते तसं. आणि मग माझी टोपली उचलून एका टोकाकडून निघालीस, माझ्यासारखी कर्कश, माझा भाव सांगत. टोकाला पोचलीस, टोपली बदललीस आणि तुझ्या मऊ आवाजात उलटी आलीस. मला तापातही हसू आवरेना. रोज दर्यापूरहून बसणारे एक म्हातारे गुरुजी होते, ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काय वं बाई, आज एकटीच भांडून राह्यली?" डबा हसला. म्हणजे त्या सगळ्यांना कधीपासून माहीत होतं, आणि तरी ते आपल्याकडून घेत होते. तू हसली नाहीस. गाडी थांबेपर्यंत माझ्याकडे ओळखीने पाहिलं नाहीस. खाली उतरवल्यावर मात्र मला जवळ घेऊन रडलीस आणि म्हणालीस, "मरून जातं का माह्या डोक्शावर?"

हे सगळं मी विसरले असं तुला वाटलं असेल. मी काही विसरलेली नाही. त्या टोपलीवरच मी अमरावतीला आले. फळबाजारात आधी जमिनीवर पोतं टाकून बसले, मग गाडा, मग स्वतःचा गाळा. वलगावच्या आख्ख्या संत्रा-बगीच्याचा भाव मी झाडावरची फुलं पाहून बोलायची आणि मालक माझ्याशी बोलायला आपल्या बायकोला घेऊन यायचा. तू लेकाकडे अकोल्याला गेलीस, जुन्या शहरात, मोर्णा नदीकाठच्या गल्लीत. छोटी लाईन बंद पडली. आपण दिवाळीला, लग्नाकार्याला भेटत राहिलो.

आणि मग तुझा फोन आला.

"रुख्मे, अकोल्याले एक गाडी आली हाय. तिच्यात आपली छोटी लाईन ठेवली हाय."

"ठेवली म्हणजे?"

"पाहाले ठेवली. जुन्या जुन्या वस्तू हायेत. ही गाडी गावोगाव फिरते म्हनं, चार दिवस थांबते अन् पुढं जाते. ये नं. तुले एक गोष्ट आयकवाची हाय."

संत्र्याचा हंगाम भरात होता, तरी मी आले. हे लक्षात ठेव. गाळा नोकरावर टाकून आले.

अकोल्याच्या एका बाजूच्या फलाटावर ती गाडी उभी होती. रंगवलेली, डब्यांना लाकडी पायऱ्या लावलेल्या, शाळेच्या पोरांची रांग. तू माझा हात धरून चढवलंस. पहिल्या डब्यात पितळी घंटा, हातकंदील, हिरव्या-लाल झेंड्या, वाफेच्या इंजिनाचं काचेतलं खेळणं. एका काचेखाली जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटं मांडली होती. तू वाकून पाहिलंस आणि माझ्या कानात म्हणालीस, "पाहून घे वं. आपन कधी पाह्यलंच नोतं." मी इतकी हसले की मागचा मास्तर पोरांना सोडून आपल्याकडे पाहायला लागला. तो अर्धा तास मला फार सुखाचा गेला. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

तिसऱ्या डब्यात एक टेबल होतं, त्यावर माईक. पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त गार्ड तिथे बसायचे. ज्यांनी जुन्या गाड्या पाहिल्या त्यांनी आठवण सांगायची, ते ती भरून घ्यायचे आणि भिंतीवरच्या बटणांना जोडायचे. बटण दाबायचं, कानाला यंत्र लावायचं, माणूस बोलतो. तू दोन दिवस आधी येऊन गेली होतीस हे मला तिथे कळलं. गार्डसाहेबांनी तुला नावाने नमस्कार केला. यंत्र तू स्वतःच्या हाताने माझ्या कानावर बसवलंस, बटण तू दाबलंस.

तुझा आवाज आला. लोण्याचा. तू जांबं सांगितलीस, सासऱ्याची झाडं सांगितलीस, स्टेशनवरची कडुलिंबाची सावली सांगितलीस. मी वाट पाहत होते. मग गार्डसाहेबांनी विचारलेलं ऐकू आलं, "सोबत कोणी असायचं का, बाई?"

तू म्हणालीस, "नाई जी. एकटीच होती."

मी यंत्र कानावरून ओरबाडून काढलं. तू माझ्या तोंडाकडे पाहत होतीस, माल पाहणारं गिऱ्हाईक पाहतं तसं. फलाटावर उतरेपर्यंत मी कसाबसा दम धरला, मग सुटले.

"वच्छे, मी मेली होती का वं? अकरा वर्सं मी का तुही सावली होती? युक्ती कोनाची? तोंड कोनाचं? माह्या तोंडामुळं तुही जांबं गोड लागत होती लोकायले! अन् एकटी?"

पोरं, मास्तर, चहावाला, सगळे पाहत होते. मला त्याची पर्वा नव्हती. तू पदर खोचलास, शांतपणे. तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर मी समजून घेतलं असतं.

"गाडीतच तं सांगतलं मी," तू म्हणालीस.

"काय?"

"मी गाडीत बसून सांगतलं, रुख्मे. तू मांडवात सांगतलं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण अर्धं सोडून निघाले. तू मागून हाक मारलीस की नाही, मला ठाऊक नाही. मी मागे पाहिलं नाही. पहिली मिळेल ती गाडी धरून बडनेऱ्याला उतरले.

मांडवातलं मला सांगावंच लागेल आता. नऊ वर्षं झाली त्याला. माझ्या लेकाचं लग्न, अमरावतीचं मोठं लॉन, सोयरे शिकलेले, दोन पिढ्यांचे बागायतदार. त्यांना मी सांगितलं होतं की आमचा पहिल्यापासून फळांचा व्यापार. खोटं काय आहे त्यात? फळंच होती. तू आलीस, लेकासाठी आहेर घेऊन, नवं लुगडं नेसून. मला पाहून भर मांडवात म्हणालीस, "रुख्मे!" विहीणबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्या कोण?" आणि मी म्हणाले, "पूर्वी आमच्याकडे माल आणून द्यायच्या." एवढंच. तू हसून त्यांना नमस्कार केलास. फोटोवाल्याने मला स्टेजवर बोलावलं, मी गेले.

त्या वेळी मी मनाशी काय म्हटलं ते आज तुला सांगते. मी म्हटलं, वच्छीला समजेल. ओळख द्यायची नाही हे आपलं ठरलेलंच आहे. सौद्याच्या जागी आपण एकमेकींना ओळखत नाही. आणि सोयरीक हा सौदाच की. मला खरंच वाटलं की तुला समजलं. तू दुसऱ्या आठवड्यात फोन केलास, सून कशी आहे विचारलंस. त्या विषयावर चकार शब्द नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. माझ्या घरी येऊन माझ्या नातवाची टाळू भरलीस.

दगा म्हणते ते याला. तू नऊ वर्षं हसत राहिलीस. त्याच दिवशी मला बाजूला ओढून दोन थोबाडीत मारल्या असत्यास, तर मी चार बोलले असते, तू आठ बोलली असतीस, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. आपण खोटं भांडण इतकी वर्षं रोज केलं, एक खरं भांडण माझ्याशी करायला तुला काय झालं होतं? मी सौदे करून म्हातारी झाले. समोरचा काय लपवतो ते मला त्याच्या बोटांवरून कळतं. तुझं मला कळलं नाही, कारण तुझ्यासमोर मी कधी तसं पाहिलंच नाही. तिथे तू मला फसवलंस. आणि वर मला बोलावून, यंत्र कानाला लावून ऐकवलंस. नियम माझाच होता, तोच माझ्या गळ्यात अडकवलास. सौदा म्हणून पाहिला तर उत्तम केलास. मी असते तर असाच केला असता. पण तू मी नव्हतीस, वच्छे. तू ती दुसरी होतीस.

चार दिवसांनी तुझा फोन आला. मी नाव पाहिलं आणि वाजू दिला. संध्याकाळी पुन्हा आला. पुन्हा वाजू दिला. सौद्यात जो आधी बोलतो त्याचा भाव पडतो, एवढं मला येतं. आठवडाभर ताटकळू दे, मग आपण अकोल्याला जाऊ, मग तिला दाखवू. मी काय काय बोलणार ते गाळ्यावर बसून घोकत होते. मध्येच एखादं वाक्य इतकं झणझणीत सुचायचं की मला बरं वाटायचं. नवव्या दिवशी तुझ्याच नंबरवरून फोन आला. आता उचलावा, असं मी ठरवलं. तुझा लेक बोलत होता. "मावशी, आई सकाळी गेली. झोपेतच."

तू दोनदा फोन का केला होतास? माफी मागायची होती की आणखी दोन शब्द सुनवायचे होते? मी तुझ्या लेकाला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

तेरवीच्या दिवशी तुझी नात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही भांडनारी आजी ना?" मी दचकले. तिला सगळं माहीत होतं. दोन दारं, दोन टोपल्या, माझा ताप. आजी आपल्या दोघींचे आवाज काढून दाखवायची म्हणे. तुझ्या घरातल्या लहानथोरांना माझी ओळख होती. एक त्या गाडीतच तू दिली नव्हतीस. मला आणखी राग आला. घरात सांगितलंस तर जगाला का नाही? आणि मग तिथेच, जिलबीच्या ताटांच्या मधे बसून, मला समजलं की माझ्या घरात तर मी तेवढंही कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ती गाडी बडनेऱ्याला आली. माझी सून पल्लवी मला कारमधून घेऊन गेली. तिला वाटलं, सासूला हौस आहे. मी मात्र तुझं ते बटण बंद करायला निघाले होते. तू तर गेलीस, आणि तुझा आवाज स्टेशनामागून स्टेशन फिरत सांगत सुटला आहे की तू एकटी होतीस. हे मी चालू देणार नव्हते.

गार्डसाहेबांनी मला ओळखलं. अकोल्याचा फलाट त्यांच्याही लक्षात असणार.

"ते काढून टाका," मी म्हणाले. "खोटं आहे."

"काकू, मला तसं काढता येत नाही. वरून परवानगी लागते."

"मग तेवढं एक वाक्य काढा. बाकी राहू द्या."

"वाक्यही नाही निघत."

"निम्मं? 'एकटीच' एवढा शब्द? एका शब्दाने तुमची गाडी अडणार आहे का?"

ते हसले. "काकू, इथे भाव होत नाही." मग माईक माझ्याकडे वळवून म्हणाले, "त्यांचं त्या बोलल्या. तुमचं तुम्ही बोला."

मी खुर्चीवर बसले. खरं सांगते वच्छे, मनात पहिलं काय आलं ते. मीही म्हणावं, एकटीच होते. तू एक बटण, मी दुसरं. फिटंफाट. ओठावर आलं होतं. पल्लवी मागे उभी होती, पर्स छातीशी धरून, कौतुकाने ऐकायला तयार. बाहेर कुठली तरी गाडी निघाली होती, तो डबाही जरासा हलल्यासारखा झाला, आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. आधी तुझं, मग माझं. मग मी थांबले नाही. दोन दारं सांगितली. युक्ती माझी होती हे दोनदा सांगितलं. तुला भाव करता येत नव्हता, एखादी लेकुरवाळी बाई दिसली की तू दोन जांबं तशीच द्यायचीस आणि उतरल्यावर माझ्या शिव्या खायचीस, हेही सांगितलं. गुरुजी सांगितले. नियम सांगितला. आणि मांडवातलंही सांगितलं, विहीणबाईंना काय म्हणाले ते, शब्द न बदलता. माझे सोयरे याच गावचे आहेत. बाजारातले लोकही ती गाडी पाहायला जाणार आहेत. जाऊ देत.

तरी माझा राग गेलेला नाही. कोणी म्हणेल, बोलली आणि मोकळी झाली. मी मोकळी झालेली नाही. तुला तोंडावर बोलायचं ते मी एका यंत्राला बोलले, आणि यंत्र उलटून काही म्हणत नाही. तू म्हणाली असतीस.

परत येताना पल्लवी कार चालवत होती. तिच्या लग्नातली गोष्ट, तिच्या आईचं नाव त्यात. मला वाटलं, आता ही विचारणार, इतकी वर्षं लपवलं का? त्याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. उड्डाणपूल ओलांडला. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, त्या दिवशी वच्छलाबाई जेवल्या कोणाबरोबर?"

मी आठवून पाहिलं. सगळ्या पंगती आठवल्या. सोयऱ्यांना मी स्वतः आग्रह करत फिरले होते. बाजारातले लोक, ट्रकवाले, हमाल, सगळ्यांची पानं मी पाहिली होती. त्यांत तू कुठे दिसत नाहीस. आहेर माझ्या हातात दिलास, नमस्कार केलास, त्यानंतर तू कुठेच नाहीस. अकोल्याला तू नेहमी पाचच्या सुमाराच्या गाडीनेच परतायचीस. पंगती सुरू व्हायला सात वाजले होते.

मी पल्लवीला म्हटलं, मला माहीत नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात दुसरं काही येत नाही. मी घोकलेली झणझणीत वाक्यं सगळी विसरले.

वच्छे, तू त्या दिवशी जेवली होतीस का?